बायडाबाई मागे वळते

वारजे, पुणे
१२ जून २००३

दिग्विजय,

चि. वगैरे मुद्दामच लिहिलेलं नाही. चार वर्षांत तुझं पत्र नाही, माझंही नाही, तेव्हा मायन्याचं नाटक कशाला. पत्ता तेजसकडून मिळाला. इथे जानेवारीत ॲनिमेशन फिल्म्सचा महोत्सव भरतो आहे, त्याचा हा कर्ताधर्ता. केस खांद्यापर्यंत, आणि दर वाक्यात एकदा तरी 'बेसिकली'. हैदराबादची तुझी कंपनी त्याला माहीत होती. अमेरिकन कार्टून मालिकांचं काम तुमच्याकडे येतं आणि तू तिथे मोठा साहेब आहेस, हेही त्याला माहीत होतं. मला नव्हतं. असो.

तर हे महोत्सववाले माझ्या नावानं एक अख्खी संध्याकाळ करणार आहेत. सगळ्या फिल्म्स ओळीनं, मग मुलाखत, मग शाल, नारळ आणि जीवनगौरव. मी सत्तावन्न वर्षांची आहे, जीवन अजून चालू आहे, असं मी तेजसला सांगितलं. तो म्हणाला, "मॅम, बेसिकली ते नुसतं टायटल आहे." मी होकार दिला. इतकी वर्षं घरात बसून चित्रं काढली, तेव्हा सोसायटीतल्या लोकांना मी शिवणाचा क्लास चालवते असं वाटायचं. आता कुणी विचारतंय तर नखरे करण्यात अर्थ नाही.

परवा त्यानं 'भोंगा' बघितली. तू आल्यानंतरची आपली पहिली फिल्म. दारूगोळा कारखान्याचा भोंगा होतो आणि खडकीच्या क्वार्टरांमधून डबे घेऊन माणसं निघतात, तो प्रसंग संपल्यावर तेजसनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाला, "मॅम, आकाशात बरगड्या दिसतात. मृत्यूचं मेटाफर आहे ना?" मी म्हटलं, एक्स-रे नीट धुतला नव्हता. त्याला समजेचना. कोऱ्या पारदर्शक फिल्म परवडायच्या नाहीत म्हणून आम्ही दवाखान्यातून जुने एक्स-रे आणायचो, तेव्हाच्या आमच्या खडकीच्या क्वार्टरच्या न्हाणीघरात कॉस्टिक सोड्यात धुवायचो आणि त्यांवर रंगवायचो, असं सगळं सांगावं लागलं. बरगड्या कुणाच्या हातून राहिल्या ते सांगितलं नाही. तुझ्या हातून राहिल्या होत्या.

आता कामाचं. 'पाटी' पुरी करायची आहे. तू गेलास तेव्हा जिथे होती तिथेच ती आहे. बायडाबाई मंडईत मेथी विकून वारज्याला परत येते, डोक्यावरची पाटी उतरवते, इथपर्यंत सगळं झालं आहे. ती मागे वळून बघते आणि शेताच्या जागी इमारती दिसतात, तिथे फिल्म संपते. तेवढं वळणंच राहिलं आहे. खरी बायडाबाई आमच्या खालच्या मजल्यावर राहते, तुला माहीतच आहे. जमिनीच्या बदल्यात बिल्डरनं फ्लॅट दिला तो. ती अजून अधूनमधून विचारते, "ताई, माझं चित्र झालं का?" काल तिला नीट समजावून सांगितलं. तू वळायला लागतेस ते चित्र मी काढलंय, तुझं वळून झालं ते मी काढलंय, पण त्यांच्या मधे पुष्कळ चित्रं लागतात आणि ती दिग्विजय काढायचा. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी मी चार वर्सं मधीच उभी हाय व्हय?"

म्हणून हे पत्र.

वळण्याची सगळी मुख्य चित्रं, सगळ्या की, सोबत पाठवते आहे. त्या जुन्या नव्हेत, यंदा पुन्हा काढलेल्या आहेत. का ते कागद बघितलेस की कळेल. पद्धत नेहमीची, की माझी आणि मधली तुझी. चुकलं तर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं 'पुन्हा' लिहून परत पाठवीन, साहेब आहेस की काय ते बघणार नाही.

दुसऱ्या कुणाकडून करून घेता आलं असतं तर तुला लिहिलं नसतं, हे कळण्याइतका तू हुशार आहेस. तेजसनं दोन विद्यार्थी आणून बसवले होते. मुलं चांगली होती, हातही बरे होते. पण त्यांनी बाईला कवायतीतल्या शिपायासारखं गर्रकन फिरवलं. पाटी उतरवल्यावर तिची मान आधी वळते, मग डावा खांदा उतरतो आणि पाय मात्र तसेच राहतात. हे तू मंडईत तिच्या शेजारी पोत्यावर बसून बघितलं होतंस. मी नव्हतं बघितलं, तू दाखवलंस तेव्हा मला दिसलं.

जाताना तू जे केलंस ते मी उकरून काढणार नाही. "उद्या येतो, ताई" म्हणून गेलास, लाइटबॉक्सचा दिवासुद्धा चालू ठेवून गेलास, आणि फोन केलास तो हैदराबादहून. लग्न ठरलं होतं, वाशिमला घर चालवायचं होतं, सगळं मान्य. माणसानं तोंडावर सांगावं. झालं, उकरून काढलंच.

डिसेंबरच्या आत हवं.

पद्मजा


वारजे
३ ऑगस्ट २००३

दिग्विजय,

तुझं उत्तर मिळालं. कंपनीच्या कागदावर, कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, दोन ओळींचं. "आदरणीय ताई, की मिळाल्या. निश्चिंत राहा, दिवाळीच्या आत पोचवतो." अक्षर बघायला मिळेल असं वाटलं होतं, तर सहीसुद्धा रबरी शिक्क्यासारखी. पण हो म्हणालास. पत्र दोनदा वाचलं, खोटं कशाला बोलू.

त्यात एक गोष्ट नव्हती, आणि त्याबद्दल मी तुझी आभारी आहे.

की बघितल्यास म्हणजे तुला दिसलंच असेल. इतकी वर्षं माझ्या रेघेवर रेघ ठेवून काढणाऱ्या माणसाला न सांगता दिसणार. बाईच्या पदराची कड, पाटीचा काठ, हनुवटी, सगळीकडे रेघ थरथरते. म्हातारपणाची थरथर नव्हे ही. मला कंपवात आहे. गेल्या वर्षीपासून उजव्या हाताला आहे, आता डाव्यातही उतरतो आहे. गोळ्या चालू आहेत. डॉक्टर तरुण आहेत, स्पष्ट बोलतात. म्हणाले, "बाई, हे थांबत नाही, सावकाश जातं एवढंच." मी विचारलं, पेन्सिल किती दिवस धरता येईल. त्यांनी विचारलं, तुम्ही काय लिहिता. चित्रं काढते म्हटल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

म्हणून जुन्या की बाजूला ठेवल्या. त्या चांगल्या होत्या, पण त्या चार वर्षांपूर्वीच्या बाईच्या. आताच्या या, माझ्याच्यानं जेवढ्या झाल्या तेवढ्या. एकेका कागदाला सबंध सकाळ जायची. मनगट टेबलाला रुमालानं बांधून बघितलं, त्यानं रेघ आणखी बिघडते. मग विचार केला की थरथरते तर थरथरू दे. आपलं शेत दिसत नाही म्हटल्यावर बाईचा हात स्थिर कसा राहील. एवढं सोसलंच आहे तर फिल्मच्या कामी येऊ दे.

आणि तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. काय झालं, औषध घेता का, आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत, यातलं काही नाही. दुसऱ्या कुणी हे सगळं लिहिलं असतं आणि माझा जीव नकोसा केला असता. इथे तेजस माझ्या हातातला कप धरायला धावतो, सोसायटीतल्या बायका कीव करत बघतात. तू नुसतं "की मिळाल्या" लिहिलंस. माणूस ओळखायला मी चुकले नव्हते असं वाटलं. बरं वाटलं.

एकच ध्यानात ठेव, म्हणजे तू ठेवशीलच. मधल्या चित्रांतही ती थरथर हवी. नाही तर पडद्यावर बाई कीपाशी थरथरेल, मधे शांत होईल, पुन्हा थरथरेल, आणि फिट आल्यासारखं दिसेल. अगदी माझ्याइतकी नको. तुझ्या हाताला येईल तेवढी.

बायडाबाईला सांगितलं की दिग्विजय करतो आहे. ती म्हणाली, "त्यो काळा पोरगा? जेवायला बसला की ठेचा मागायचा त्यो?" तुला सगळे तसंच ओळखतात. येशील तेव्हा ठेचा करायला सांगेन. येशीलच असं म्हणत नाही.

पद्मजाताई


वारजे
२९ ऑक्टोबर २००३

दिग्विजय,

पार्सल धनत्रयोदशीला मिळालं. आज पत्र लिहायला बसले, कारण त्याआधी लिहिलं असतं तर नको ते लिहून गेले असते.

सुरुवातीपासून सांगते. कुरिअरवाला आला तेव्हा मी दाराशीच होते. खोका चांगला मोठा होता. मी कात्री आणायलाही थांबले नाही. दातांनी दोरी सोडवली, या वयात. तेजसला फोन केला की आलं. लाइटबॉक्स पुसला, कागद त्याच्या खुंट्यांवर चढवले, दिवा लावला.

चित्रं सुरेख आहेत. प्रत्येक रेघ स्वच्छ, जाडी सारखी, पदराची घडी जिथे पडायला हवी तिथे पडलेली. मान आधी, खांदा नंतर, पाय जागच्या जागी. सगळं मी सांगितल्याप्रमाणे. लाल पेन्सिल हातात घेऊन बसले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले, एका कागदावर 'पुन्हा' लिहायला जागा सापडली नाही. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही. तुझ्या तर नाहीच नाही.

मग जेवून पुन्हा बघायला बसले. सुरुवातीच्या कागदांवर बाईचे डोळे बदामी आहेत, पुढे ते गोल होतात. एकजण बोटं टोकदार काढतो, एकजण बोथट. शेवटच्याची रेघ तर हिंदी जाहिरातीतल्या बायकांची आहे. किमान चार हात आहेत यात, आणि त्यांत तुझा नाही. तू अंगठा नेहमी जरा जाड काढायचास, कितीदा लाल पेन्सिल मारली तरी. या सबंध गठ्ठ्यात एकही जाड अंगठा नाही.

यावरही मी गप्प बसले असते. साहेबाला वेळ नसेल, हाताखालच्या मुलांना दिलं असेल. पण खाली माझ्या कीच्या जागी ठेवलेले कागद निघाले. त्या माझ्या की नव्हेत. त्या कुणीतरी नव्यानं काढून, थरथर काढून टाकून, साफ करून ठेवल्यात. मूळ की खोक्याच्या तळाशी, प्लास्टिकमध्ये घालून. वर चिठ्ठी चिकटवलेली होती, इंग्रजीत. रफ कीजचं क्लीनअप केलं आहे, लाइन क्वालिटी फार अस्थिर होती. खाली कुणा पोरीची सही, सोनू का काय.

ती पोरगी चुकली नाही. क्लीनअप म्हणजे तेच, कच्च्या रेघेतली थरथर काढून टाकायची. हे तिला कुणी तरी शिकवलं आणि ते चांगलं शिकवलं.

पण त्या चिठ्ठीनं मला एक गोष्ट कळली. तू खोका उघडलाच नव्हतास. माझं पार्सल आलं, तू ते तसंच पुढे ढकललंस. ऑगस्टचं पत्रही उघडलं नसशील, नाही तर मुलांना थरथर ठेवायला सांगितलं असतंस. म्हणजे तू विचारलं नाहीस ते भिडस्तपणानं नव्हे. विचारलं नाहीस कारण तुला माहीतच नव्हतं. आणि मी इथे पावसाळाभर बसून 'पोरगा किती समजूतदार' म्हणून स्वतःला गोंजारत होते. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेजस धावत आला होता. "मॅम, काय स्मूथ झालंय! हेच टाकू." बायडाबाईलाही आवडलं. "लई ग्वाड दिसतीया मी," म्हणाली, "अगदी टीवीतल्यावानी." दोघांनाही दोष देत नाही. चांगलं दिसतंच आहे ते.

मी ते फिल्ममध्ये घालणार नाही. कुठल्याही कामाला नावं ठेवत नाही मी, पोट सगळ्यांना आहे. पण हे माझं शेवटचं आहे, दिग्विजय. यापुढे या हातानं काही होणार नाही. शेवटच्या कामात तरी माझी बाई माझीच असावी, एवढं मागणं जास्त आहे का, ते तू सांग.

त्या पोरीला रागावू नकोस.

पद्मजा


वारजे
७ डिसेंबर २००३

दिग्विजय,

तू फोन केलास आणि मी मधेच ठेवला. आपटला नाही, हातातून सुटला. नंतर तू बराच वेळ लावत होतास, मी उचलला नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, आवाजही आता थोडा थरथरतो. म्हणून लिहिते.

तू म्हणालास ते सगळं मी ऐकलं. पार्सल आलं तेव्हा तू अमेरिकेत होतास, ते उत्तर तुझ्या ऑफिसातल्या कुणी टाइप केलं, पत्र तुझ्या टेबलावर गठ्ठ्यात पडून होतं. पटलं. तू म्हणालास, "ताई, तुम्ही नुसतं सांगितलं असतं तर." मी सांगितलं होतं, पत्रात. त्याआधी चित्रांत सांगितलं होतं. आणखी कसं सांगतात मला माहीत नाही.

मग तू म्हणालास की त्यात काय, ती थरथर परत घालून देतो, त्याचं सॉफ्टवेअर आहे, हवी तेवढी कमी-जास्त करता येते. तिथे फोन सुटला. तू मदत करायलाच म्हणालास, हे कळतं मला. मला ही थरथर फुकट मिळते, रोज सकाळी उठल्यापासून. ती विकत मिळते हे नवीन ऐकलं.

पण फोन सुटण्याआधी तू एक वाक्य बोललास, ते मनातून जात नाही. "ताई, मी आता काढत नाही. मी माणसं सांभाळतो. चार वर्षांत पेन्सिल धरलेली नाही, खरं सांगतो, भीती वाटते." शेवटचे शब्द तू हळू बोललास, शेजारी कुणी असावं.

तुझ्यावर माझा राग होता तो त्या वाक्यानं अर्धा गेला. अर्धा ठेवला आहे. मला वाटायचं तू तिकडे मजेत आहेस, मोठमोठी कामं काढतोस, मला विसरलास. तू काढतच नाहीस हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा हात जाण्याला निदान नाव आहे, गोळ्या आहेत. तुझा चांगला धडधाकट हात, त्याला काय झालं? इथून जाताना तो शाबूत होता. त्याचं मला माझ्या हाताइतकंच वाईट वाटतं. हे मला तोंडावर कधी बोलता आलं नसतं.

आता ठरलं ते ऐक. शेवटचं वळणं मी फक्त कींवर दाखवणार आहे. तेजसनं डोक्याला हात लावला, कमिटीला काय सांगू म्हणाला. बाई एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत एकदम जाईल, मधलं काही नाही. अर्धवट दिसेल, दिसू दे. अर्धवटच आहे.

मात्र एक कोरा कागद तुला पाठवते आहे. पाटी उतरवून ती उभी आहे ती की, आणि वळून झालं आहे ती की, दोन्हींच्या झेरॉक्स सोबत. बरोब्बर मधलं एक चित्र हवं. बाकीची शंभर मला नकोत. हे एकच, तुझ्या हातानं, टेबलाशी बसून, दार लावून. कसंही येऊ दे. डोळे वाकडे आले तरी चालतील. कुणाला दाखवू नकोस, कुणाकडून साफ करून घेऊ नकोस.

कार्यक्रम १७ जानेवारीला आहे. त्याआधी आठवडाभर मिळालं तर कॅमेऱ्याखाली घालता येईल. नाही जमलं तर कोरा कागद परत पाठव. मी समजेन.

ताई


वारजे
१९ जानेवारी २००४

चि. दिग्विजय यास,

परवा कार्यक्रम झाला. तुझं काही आलं नव्हतं, कोरा कागदसुद्धा नाही. तेजस रोज विचारायचा, मॅम, कुरिअर? मी त्याला म्हटलं, आता विचारू नकोस.

सभागृह भरलेलं होतं. बरेचसे तेजसच्या वयाचे, कॉम्प्युटरवर ॲनिमेशन शिकणारे, पाठीला पिशव्या. 'भोंगा' झाली, मधल्या सगळ्या झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी 'मधली चित्रं: दिग्विजय' येत होतं आणि मी दर वेळी मान खाली घालत होते, का कोण जाणे. बायडाबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, पाय खुर्चीवर घेऊन बसली होती. मग 'पाटी' लागली. पाटी उतरवली, आणि बाई एकदम वळली. मधे काही नाही. हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. कुणाला वाटलं मशीन अडकलं. शेवटी 'मधली चित्रं' आलं आणि त्यापुढे मोकळी जागा, मीच तशी ठेवायला सांगितली होती.

बायडाबाई मला नंतर म्हणाली, "मी एकदम फिरले की वं. मागनं कुनी हाक मारल्यावानी."

मुलाखत घेणारा मुलगा अभ्यासू होता. त्यानं विचारलं, "शेवटच्या फिल्ममधली थरथरती रेघ ही तुमची नवी शैली म्हणायची का?" मी म्हटलं, नाही, आजार आहे. त्यावर टाळ्या वाजल्या. टाळ्या कशासाठी ते कळलं नाही. नारळ देताना तेजसनं तो माझ्या हातात दिलाच नाही, शेवटपर्यंत स्वतःच धरून उभा राहिला. सगळ्यांचे फोटो तसेच आलेत, जीवनगौरव त्याला मिळाल्यासारखे. घरी आले तेव्हा आता सगळं झालं, असं वाटलं. वाईट असं नाही. रिकामं.

काल सकाळी वॉचमननं पाकीट आणून दिलं. शनिवारी दुपारी आलं होतं म्हणे, मी हॉलवर होते.

आत चिठ्ठी नाही. तू लिहिणार नाहीस हे ठाऊक होतं. एक कागद आहे. खोडून खोडून तो दोन ठिकाणी इतका पातळ झालाय की दिव्याआधीच आरपार दिसतो. बाई जागेवर नाही, पाव इंच उजवीकडे सरकली आहे. एक डोळा वर, एक खाली. रेघ जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही आणि जिथे जायला हवी तिथे घाबरून थांबते. पहिल्या वर्षाच्या मुलानं काढावं तसं चित्र आहे. आणि अंगठा जाड आहे. बघून मी रडले. हे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही.

माझ्या दोन कींच्या मधे तो कागद घातला. चित्र हलतं का ते बघायला कागद बोटांत धरून मागेपुढे करायचे असतात. ते गेल्या दिवाळीपासून मला येत नाही, बोटं ऐकत नाहीत. तरी नुसते धरले. हात आपला थरथरतच होता, त्यानंच ते कागद हलायला लागले. खाली, वर, खाली. आणि बाई वळली. मान आधी, मग खांदा. अगदी सावकाश, जायचं नसल्यासारखी. तिची थरथर माझी होती का तुझी होती, ते मला वेगळं काढता आलं नाही. बायडाबाईला वर बोलावलं आणि दाखवलं. तिनं कागदाकडे बघितलं आणि आपला डावा खांदा हळूच खाली करून बघितला.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. डावा खांदा पुरेसा उतरलेला नाही, पाटीचा भार गेल्यावर तो खाली येतो, हे तुला मी सांगायला नको. डोळ्यांची ओळ बघ. अंगठ्याचं तर मी बोलणंच सोडलं आहे. कोपऱ्यात लिहिलं आहे ते नीट लागत नसेल, माझ्या हाताला आता तेवढंच येतं. लाल पेन्सिलीनं 'पुन्हा' लिहिलं आहे.

लवकर काढून पाठव. मला बघता येतंय तोवर.

ताई